खांबामागची खुर्ची

दीडशेच्या तिकिटात खांबही येतो
हे खिडकीवरच्या पोरानं सांगितलं नव्हतं.
"चारही रात्री एकच सीट, मॅडम, फिक्स," एवढंच म्हणाला.
मी भंवरकुआच्या बॅचला सुट्टी दिली
प्रकाशाचं अपवर्तन अर्ध्यावर सोडून.

रामबागेतलं सभागृह, ओतीव लोखंडाचा खांब, वर कमळ,
आणि कमळाखाली बरोबर मधोमध
कापली गेलेली द्यूतसभा.
मला ना पट दिसला, ना फासे.
दिसला ऑर्गनवाला, त्याचा सुटलेला बूट,
आणि उजव्या विंगेत केस सोडून उभी द्रौपदी,
जिला अजून कोणी ओढलेलं नव्हतं.
थर्मासच्या झाकणातून ती गरम पाणी पीत होती,
फुंकर घालून, घोट घोट,
तेव्हा पलीकडे तिला पणाला लावणं चाललं होतं
भीमपलासात.

शेजारी पागनीस. त्यांना डावा अर्धा दिसे.
मिलच्या हजेरीखात्यात एकतीस वर्षं,
मिल बंद पडली तेव्हा शेवटची रेघ ओढणारे हेच.
"काय झालं?" मी विचारलं.
ते कुजबुजले, मस्टर वाचावं तसे:
"भीष्म हजर. द्रोण हजर. कृप हजर.
विदुर उठलेत.
बाकी कोणी बोलत नाहीये."

दुसऱ्या रात्री वनवास.
बारा वर्षं गायला पाच तास लागतात.
मध्यंतरात निम्मी माणसं सराफ्याला गेली
ती परत आलीच नाहीत.
मला डुलकी लागली. जागी झाले तर
तेच पद, तोच अंतरा,
की वर्ष बदललं होतं? पागनीस म्हणाले,
"काही चुकलं नाही तुमचं. झाडंच आहेत."

तिसरी रात्र युद्धाची, आणि इथे
माझं तिकीट वसूल झालं.
कारण मरत सगळे त्यांच्या बाजूला होते,
पण मेलेले माझ्या बाजूला यायचे.
अभिमन्यू आला, कॉलर सैल केली, स्टुलावर बसला.
द्रोण आले, दाढी वर करून मानेचा घाम पुसला,
अभिमन्यूनं उठून त्यांना स्टूल दिलं.
मग घटोत्कच, ज्याला दारातून वाकून यावं लागलं,
पाठोपाठ कोणाकोणाचे भाऊ, एकाच तांब्यातलं पाणी
वरून पीत, मुकुट काखेत.
समोर व्हायोलिनं किंचाळत होती
आणि इथे कोणीतरी कोणाच्या तरी पायातला
काटा काढत होतं.

आता पागनीस मला विचारू लागले.
त्यांच्याकडे पडायचा एकेक, ते वळायचे:
"आला?"
"आला."
कर्णाला फार वेळ लागला. चाक, शाप, चाक,
आलाप एवढा लांब की तबलजीनं
हात मांडीवर ठेवले.
मग शांतता. मग पागनीसांचा आवाज,
जरा जाड: "पोचला का हो?"
"पोचला. द्रौपदी त्याला थर्मास देतेय."
"बरं," ते म्हणाले. चष्मा काढला, पुसला,
घातलाच नाही बराच वेळ.

चौथ्या रात्री पुढच्या रांगा रिकाम्या.
व्यवस्थापक म्हणाला, या ना पुढे, कुठेही बसा.
पागनीस गेले. जाणारच. माणसाला एकदा तरी
अख्खं बघावंसं वाटतं.
मी का उठले नाही, मला नीट सांगता येणार नाही.
हिमालय माझ्या वाट्याला आलाच नाही,
फक्त कापूस उडत उडत विंगेपर्यंत यायचा
आणि त्यातून सहदेव, नकुल, शिंकत अर्जुन.
स्टूल केव्हाच पुरेनासं झालं होतं,
सगळे जमिनीवर, भिंतीला टेकून.
तिसऱ्या रांगेतून पागनीस मागे वळून बघायचे,
अंधारात मी त्यांना कुठली दिसायला,
तरी मी मान हलवायचे.

बाहेर साडेतीन. रिक्षावाला म्हणाला,
"भिया, रात का डबल लगेगा."
पागनीसांनी घासाघीस थांबवून मला विचारलं,
"ते कुत्रं खरं होतं का हो?
पुढून कळलं नाही."
"मुलगा होता. ऑर्गनवाल्याचा असावा.
कर्णाच्या मांडीवर झोपला होता,
उठवून पाठवला त्याला."
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं,
ओठ हलले, कुठेतरी अडले, पुन्हा मोजलं,
आणि रिक्षावाल्याला म्हणाले,
"साठ देतो. चल."